आधी रॉकेट, मग दात

आधी रॉकेट, मग दात, हा आमच्या दवाखान्याचा नियम होता, आणि तो मला पहिल्याच सकाळी एका ट्रक ड्रायव्हरने सांगितला. सडक अर्जुनीहून आला होता बिचारा. उजवा गाल पेरूएवढा सुजलेला, हनुवटीखालून डोक्यापर्यंत गमछा बांधलेला. मी दाराशी घुटमळतेय हे पाहून तो तोंडाच्या चांगल्या बाजूने म्हणाला, "बैठ जाव मॅडम. टाइम है अभी. डाक्टर रॉकेट बना रहे."

मला वाटलं, दुखण्याने भ्रमिष्ट झालाय.

मी सांगलीची. दातांची पदवी हातात पडली, लग्न झालं आणि दोन हजार साली नवऱ्याच्या बदलीबरोबर गोंदियाला आले. भंडाऱ्यातून फुटून नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीवर माझा नवरा. घरात बसून मी कंटाळले तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं की बाजाराजवळच्या एका जुन्या दातांच्या डॉक्टरांना मदतनीस हवी आहे. "माणूस हुशार आहे, पण जरा..." एवढं बोलून शेजाऱ्यांनी बोट कपाळाजवळ नेऊन गोल फिरवलं.

बाक पेशंटांनी भरलेला होता. मी आतलं दार ढकललं. खिडकीपाशी एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. डोळ्यांवर भिंगांचा चष्मा, डाव्या हातात वीतभर लांबीचं पांढरं रॉकेट, उजव्या हातात दोन-चार केसांचा ब्रश. दोन्ही कोपरं हवेत. तो त्या रॉकेटच्या गोल अंगावर काळी रेघ ओढत होता. बाहेर एक माणूस गाल धरून कण्हत होता आणि आत हा प्रकार.

"दार लाव. वारा येऊन राहिला."

मी दार लावलं. रेघ पूर्ण झाली. मग त्यांनी ती उजेडात फिरवून फिरवून इतका वेळ पाहिली की माझा त्यांना विसर पडला असं मला वाटलं. शेवटी ब्रश धुतला, पुसला, पांढरा कोट चढवला आणि विचारलं, "कुठची तू?"

"सांगलीची."

"बरं सांगली, ड्रायव्हरले खुर्चीत घे."

झालं. तीच माझी मुलाखत, तीच नेमणूक, आणि पुढे जितकी वर्षं मी तिथे काम केलं तितकी वर्षं तेच माझं नाव.

ड्रायव्हरला इंजेक्शन दिलं. गाल बधिर झाल्यावर सरांनी चिमटा पाठीमागे धरला आणि त्याला सांगितलं, "अब रॉकेट छोडना है. मैं दस से उल्टा गिनूंगा. शून्य पे दाढ निकलेगी. तयार?" ड्रायव्हरने डोळे घट्ट मिटून मान हलवली. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळले. सर मोजायला लागले. दस, नौ, आठ, सात, छे, पाच, चार, आणि दाढ ट्रेमध्ये खणकन पडली. ड्रायव्हर डोळे फाडून बघायला लागला. मीही.

"शून्य तो हुआच नहीं!" तो कापसातून ओरडला.

"शून्यापर्यंत माणूस आकडून बसते," सर मला म्हणाले, जणू मी परीक्षा द्यायला आले होते. "चारवर कोणीच तयार राहत नाई."

अर्ध्या गोंदियाला हे चार ठाऊक होतं. एकेक माणूस तीन-तीन दात काढून गेलेला. तरी खुर्चीत बसलं की प्रत्येकजण शून्याचीच वाट बघायचा आणि प्रत्येकजण चारला किंचाळायचा. दुखून नव्हे, दचकून. मी मात्र त्या दवाखान्यात सरावले असं कधी झालं नाही. त्या माणसाने मला सतत दचकवत ठेवलं.

बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं. इतर दातांच्या डॉक्टरांकडे असतं तसंच. वरच्या फळीवर कवळ्या मांडलेल्या, गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात. खालच्या फळ्यांवर रॉकेटं. एकदा एका धान-व्यापारी शेठजींनी चष्मा सावरत विचारलं होतं, "डाक्टरसाब, ये कौन से दाँत हैं?" सर म्हणाले, "आसमान के." शेठजींनी दोन पावलं मागे घेतली.

ही रॉकेटं म्हणजे जुनी प्लॅस्टिकची किटं. माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला त्या काळात परदेशातल्या मुलांसाठी निघालेली. पेटीत सुटे भाग असतात, कैऱ्यांच्या घोसासारखे प्लॅस्टिकच्या दांडीला लगडलेले. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. रशियाचं व्होस्टॉक, अमेरिकेचं मर्क्युरी, जेमिनी, आणि चंद्रावर माणूस नेणारं प्रचंड सॅटर्न. सरांना नवीन किटं चालत नसत. त्याच काळातली, चाळीस वर्षं कुठल्या तरी माळ्यावर पडून राहिलेलीच हवीत. बाईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, भाचा अमेरिकेत होता. तो तिथल्या जुन्या बाजारांतून धुंडाळून पाठवायचा. पेट्यांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, चिकटवायच्या अक्षरांच्या पट्ट्या पाण्यात टाकताच चुरा होणाऱ्या. एखादा भाग हरवलेला असला तर सर तो कवळीच्या मसाल्यात ओतून काढत. त्यामुळे आमच्या एका जेमिनीचं बूड अगदी हिरड्यांसारखं गुलाबी होतं.

आणखी एक अट होती. ज्यात माणूस बसला तेच रॉकेट. भाच्याने एकदा मोठ्या हौसेने एका उपग्रहाचं किट पाठवलं. सरांनी पेटी उघडली, कागद वाचला आणि झाकण लावलं.

"यात माणूस नाई."

"मग काय झालं सर? छान आहे की."

"बिघडलं तं कोणाचं काय जाणार?" असं म्हणून त्यांनी ते शेजारच्या शाळेला देऊन टाकलं.

खरोखरच, किटात तांदळाएवढा माणूस असायचा. सर सगळ्यात आधी त्याला रंगवत, खुर्चीत बसवत, आणि मगच बाकीचं रॉकेट त्याच्याभोवती उभं करत. टोपण चिकटवल्यावर तो पुन्हा कोणालाही दिसणार नसे. तरीही त्याच्या बुटांना वेगळा रंग.

हे सगळं तुम्ही कशासाठी करता, असं लोक विचारायचे. "काऊन करून राहिले डाक्टर हे?" दर वेळी उत्तर निराळं. कोणाला म्हणाले, लहानपणी कामठ्याच्या शाळेत पाटीवर काढलं होतं. कोणाला म्हणाले, बायकोशी भांडण होऊ नये म्हणून. एका पोलीस अधिकाऱ्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "धंदा बुडाला तं पळून जावाले." तो अधिकारी हसावं की नाही या विचारात तसाच बसून राहिला. सर स्वतः कधी हसत नसत. ओठ मिटलेले, नाकातून एक लहानसा आवाज. तेवढंच.

पेशंटांशी त्यांचं वागणं रोखठोक. कोणी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन आलं की खुर्चीला हात लावू देत नसत. "जा, नळावर जा. तुया तोंडात मी दात शोधू का सुपारी?" पण एकदा पेशंट खुर्चीत बसला की त्या माणसाचा हात बघत राहावा असा होता. हलका. इंजेक्शनची सुई केव्हा गेली हे कळत नसे. बोदलकश्याच्या तलावावरचे मासेमार लोक तिरोड्यातले डॉक्टर सोडून आमच्याकडे यायचे, ते या हातासाठी.

म्हणूनच मला त्या काही सकाळींचा राग यायचा. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस असा उगवायचा की सर आतल्या खोलीतून बाहेर यायचे, कोट न घालता, आणि म्हणायचे, "सांगली, आज तू कर." मग स्वतः बाकावर पेशंटांच्या रांगेत बसून धानाला पाणी कधी सोडणार यावर गप्पा. दिवसभर एकाही तोंडाला हात नाही.

"सर, तब्येत बरी नाही का?"

"मस्त आहे."

"मग लोक तुमच्यासाठी लांबून येतात..."

"तुयासाठी बी आले पायजेत ना."

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगायची, हा माणूस कधी काय करेल याचा नेम नाही.

सगळ्यात मोठा धक्का मला त्या नागपूरच्या गृहस्थांच्या वेळी बसला. जुन्या खेळण्यांचा संग्रह करणारे सज्जन गृहस्थ. सरांकडे मर्क्युरीचं एक किट आलंय आणि त्याच्या पेटीवरचा मूळचा पारदर्शक कागद अजून फाटलेला नाही, हे त्यांना भाच्याकडूनच कळलं होतं. ते खास गाडी करून आले. खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून घातले आणि ती पेटी दोन्ही हातांत नवजात मूल घ्यावं तशी घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते, मी स्वतः पाहिलं.

"डॉक्टर, अशी न उघडलेली पेटी मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. मागाल ते देतो. आणि द्यायची नसेल तर नका देऊ, पण एक विनंती आहे. ही उघडू नका."

"नाई उघडली तं मंग काय कराचं हिचं?"

"ठेवायची. जपून."

सरांनी पेटी त्यांच्या हातातून घेतली, दात टोकरायची सळई उचलली आणि कागदात खुपसून या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन ओढली.

गृहस्थ मटकन खाली बसले. मी तोंडावर हात ठेवला. कागद फाटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"मले उद्या सकाळी लागते हे," सर म्हणाले. एवढंच स्पष्टीकरण.

मी गृहस्थांना पाणी दिलं. ते बरेच सावरले, आणि सज्जन असल्यामुळे जाताना कपाटातली रॉकेटंही नीट बघून गेले. काळ्या पट्ट्यांपाशी थांबले. "या हाताने ओढल्यात? डॉक्टर, कडेला चिकटपट्टी लावून रंगवा ना. सगळे तसंच करतात. एकदम सरळ येते."

"पट्टी लावली तं मले काय समजन?" सर म्हणाले.

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मलाही काही कळलं नव्हतं.

बाईंना विचारून उपयोग नव्हता. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. बोलायला फटकळ आणि मनाने मऊ. दवाखान्यामागेच त्यांचं घर. रॉकेट हा शब्द त्या तोंडातून काढत नसत. "ते पिलास्टिक," म्हणायच्या. "लग्न होऊन आलो तवा हा माणूस असा नव्हता, बापा. मंग एक दिवस सुरू झालं. सकाळी उठला की पयले त्याचं तोंड पाहते, मंग माह्यं. सवत आहे ते माही." हे त्या हसत सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या.

दोन हजार नऊचा हिवाळा असेल. त्या सकाळी थंडी होती, बाकावर सगळे शालीत गुंडाळलेले. सर नेहमीप्रमाणे आत होते. आणि आतून हाक आली. "सांगली, इकडे ये."

सकाळच्या त्या वेळात त्यांनी मला कधीही आत बोलावलं नव्हतं. मी गेले. टेबलावर नागपूरच्या गृहस्थांसमोर फाडलेलं तेच मर्क्युरी किट होतं. अर्धवट सोडून त्यांनी मध्ये दुसरी केली होती आणि आता परत हातात घेतलं होतं. पांढऱ्या नळकांड्यावर एक ताजी काळी रेघ. त्यांनी स्वतःचा भिंगांचा चष्मा काढून मला दिला.

"पाय."

मी बघितलं. "छान आहे की, सर."

"नीट पाय."

मी खिडकीपाशी जाऊन परत बघितलं. रेघेच्या मधोमध, केसाच्याही निम्म्याने, एक लाट होती. पाण्यात बोट बुडवल्यावर उठते तेवढी.

"किंचित हललीय. पण हे कोणाला..."

"कालबी होती. परवाबी होती. आता रोजच आहे." त्यांनी ब्रश धुतला. शांतपणे पुसला, केस ओठांवर फिरवून टोक काढलं, डबीत ठेवला. मग खुंटीवरचा पांढरा कोट घेतला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. माझा स्वतःचा कोट अंगात होताच. त्याच्यावरून हा दुसरा, गुडघ्याच्या खाली येणारा. मी तशीच त्यांच्यामागून बाहेर गेले.

बाकासमोर उभे राहून ते म्हणाले, "ऐका. आजपासून मी दात काढणार नाई. कवळी नाई, सिमेंट नाई, काईच नाई. आता ही सांगली करन."

मग एक जण हसला. "काऊन मजाक करून राहिले डाक्टर?"

"मजाक नाई."

मी त्यांच्याकडे बघत होते, ते माझ्याकडे बघत नव्हते. बाकापलीकडच्या खुर्चीत कामठ्याची एक म्हातारी आधीच बसलेली होती. सरांच्या लहानपणापासूनची ओळखीची, त्यांना अरे-तुरे करणारी. तिची हिरडी मी बधिर करून ठेवली होती. ती मान वळवून म्हणाली, "तुयाच हातानं काढीन मी. नाई तं घरी जातो."

"माया हात आता चालत नाई, काकी."

"चांगला तं आहे!"

"आतून नाई."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिने तोंड उघडलं. माझ्याकडे वळवून. मी चिमटा घेतला. सर खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले, दोन्ही हात खिशात घालून, आणि मोजायला लागले. "दहा. नऊ. आठ. सात. सहा."

सहाला मी दात काढला.

म्हातारी दचकली ती दचकलीच, पण सरही दचकले. चांगले जागच्या जागी उडाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि मागच्या दाराने घरी निघून गेले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. निम्मे पेशंट उठून गेले. उरलेल्यांनी माझ्याकडे संशयाने बघत तोंडं उघडली. दुपारी दवाखाना बंद करून मी तडक मागे घरी गेले. बाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. शाळेला सुटी होती. सर बाजेवर बसले होते. बुद्धाच्या मूर्तीपुढचं फूल वाऱ्याने खाली पडलं होतं, ते उचलून परत ठेवायला म्हणून उठले, तेवढ्यात मी सुरू केलं.

"एवढीशी रेघ! भिंगातूनसुद्धा धड दिसत नाही. तेवढ्यासाठी चालू दवाखाना सोडून द्यायचा? कसला हा हट्ट?"

बाईंचे हात थांबले. "कायचा दवाखाना सोडला?"

म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

सर परत बाजेवर बसले. मग बोलले, दोघींपैकी कोणाकडेही न बघता. "माया बापाचे हात हलत होते. शेवटी शेवटी भाताचा घास तोंडापर्यंत नाई जाये. त्याच्या बापाचेही तसेच. घराण्यात आहे हे. पंचविशीत नाई दिसत, चाळिशीत नाई दिसत, मंग येते. मले दात काढाचा धंदा. पेशंटच्या तोंडात सुई घातल्यावर समजून काय फायदा? मंग म्हटलं, रोज सकाळी पयले पाहावं. हात आज आहे का नाई."

मी उभीच होते. दार लावून घेतलेल्या त्या सगळ्या सकाळी. हवेतली कोपरं. ती रेघ उजेडात फिरवून बघणं. "आज तू कर."

"पण मग कागदावर ओढायची रेघ," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून. "ही चाळीस वर्षांपूर्वीची किटं कशाला?"

"कागद बिघडला तं दुसरा घेता येते. हाताले ते समजते. मंग हात भेत नाई." त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर पालथा ठेवून पाहिला. "हे जुनं पिलास्टिक दुसरं भेटत नाई. आत माणूस बसवलेला. बिघडलं तं गेलं. तोंडाचं तसंच राहते, सांगली. हाताले रोज तेवढं भेव वाटलं पायजे, तवाच खरं काय ते दिसते."

"आवडत तरी होतं का तुम्हाला ते?"

"कधी आवडन?" ते म्हणाले. "निकाल लागायचा रोज."

सूप जमिनीवर आपटलं. तांदूळ अंगणभर. बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "इतके वर्सं," त्या म्हणाल्या. "इतके वर्सं रोज सकाळी तुम्ही एकटे भेऊन राहिले होते. आन मी... मी त्याले सवत म्हणून राहिली होती. मले कायले नाई सांगितलं? अजी, मले कायले नाई सांगितलं?"

"तुले सांगितलं असतं तं तू बी रोज सकाळी भेली असती."

बाई त्यांच्याजवळ गेल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी सरांच्या खांद्यावर एक फटका मारला, चांगला सणसणीत, पोराला मारतात तसा, आणि मग त्याच खांद्याला धरून उभ्या राहिल्या. मी सांडलेले तांदूळ वेचायला बसले. दुसरं काय करणार होते?

गावात पुष्कळ बोललं गेलं. डॉक्टर वेडे झाले, डॉक्टरांना काहीतरी मोठं दुखणं झालं, सांगलीवाल्या बाईने दवाखाना बळकावला. सर रोज यायचे. बाहेरच्या बाकावर पेशंटांत बसायचे, घाबरलेल्याला धीर द्यायचे, खर्रेवाल्याला नळावर हाकलायचे. आतल्या खोलीत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. अर्धवट मर्क्युरी खिडकीपाशी तसंच पडून होतं, काळ्या रेघेतल्या लाटेसह. दोन वर्षांत हात सगळ्यांना दिसण्याइतके हलायला लागले. चहाचा कप बाई अर्धाच भरायच्या. तेव्हा मला कळलं की त्यांनी किती आधी हात काढून घेतला होता. एकाही माणसाच्या तोंडात तो हात कधी हलला नव्हता.

आणि घरात एकही रॉकेट तयार होत नव्हतं. परीक्षा संपली होती. मला वाटलं, तो विषय आयुष्यातून संपला.

दोन हजार तेरामध्ये नवऱ्याची बदली झाली. दवाखाना मी एका होतकरू मुलीच्या हाती सोपवला आणि निरोप घ्यायला एका सकाळी मागच्या घरी गेले. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत जमिनीवर चटई, चटईवर वर्तमानपत्रं, आणि मधोमध दोघं समोरासमोर मांडी घालून बसलेले. मध्ये कमरेएवढं सॅटर्न उभं होतं. चंद्रावर माणूस नेणारं. हे किट भाच्याने फार पूर्वी पाठवलं होतं आणि सर त्याला हात लावायला कचरत होते, हे मला माहीत होतं. बाईंनी दोन्ही हातांनी रॉकेटचं बूड दाबून धरलं होतं. सर थरथरत्या हाताने वरचा टप्पा त्यावर आणत होते. तो एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे.

"इकडे, इकडे, अजी इकडे," बाई म्हणत होत्या. "हां. आता दाबा."

टप्पा बसला. गोंद सगळीकडून बाहेर ओघळला. बाईंनी तो पदराने पुसला आणि त्यामुळे आणखी पसरला. मी तिथेच दारात उभी राहून बघत होते. काळ्या पट्ट्या कुठून कुठेही गेल्या होत्या. पांढऱ्या रंगावर बोटांचे ठसे, मोठे आणि लहान, दोघांचे. जोडांमध्ये फटी. बाईंच्या गालावर काळा रंग. आणि अख्खं रॉकेट उजवीकडे झुकलेलं, दारू प्यायलेल्या माणसासारखं.

"ये सांगली," सर म्हणाले. "कसं झालं, खरं सांग."

मला खोटं बोलवेना. त्या माणसाच्या हातून कधीकाळी कशा रेघा निघायच्या ते मी पाहिलं होतं. "सर, वाकडं झालंय."

"लयच वाकडं झालं," सर खुशीत म्हणाले.

"वाकडं तं वाकडं," बाई म्हणाल्या. "आपल्याले थोडीच उडवाचं आहे!"

आणि सर हसले. ओठ मिटून नाही, नाकातून नाही. तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून, दोन्ही हात मांडीवर हलत असताना, खो-खो हसले. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम केलं होतं आणि त्यांचं तोंड आतून आज पहिल्यांदा बघत होते. वरच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नव्हत्या.